खुर्चीवरची पेटी

सांगलीहून मित्राचा फोन. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, डॉक्टरांनी मांडी घालायला मनाई केली आहे. म्हणजे पेटी बंद. चाळीस वर्षं भजनी मंडळात आणि नाट्यसंगीताच्या हौशी कार्यक्रमांत साथ केलेल्या माणसाला नुसतं खुर्चीत बसवून ठेवलं की तो घरच्यांना सळो की पळो करून सोडणारच. म्हणाला, "तू तो पियानो ऐकतोस ना, त्यातलं काहीतरी सांग. पण सूर असलेलं सांग, नुसती बोटं पळवणारं नको. आणि ऐकून आत काहीतरी झालं पाहिजे."

अट रास्त आहे. वही घेऊन बसलोय. सुचेल तसं लिहितो, क्रम तुझा तू लाव.

*

आधी तुझी जुनी तक्रार. "पियानोत मींड नाही." मान्य. पण हे तू बोलावंस? पेटीत मींड नाही, श्रुती नाहीत, म्हणून १९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटीला दाराबाहेर काढलं आणि १९७१ साली कुठे ती बंदी सैल झाली. हा विषय निघाला की अजून तुझे कान लाल होतात. पियानो तुझ्याच भावकीतला. पट्ट्या त्याच, काळ्या-पांढऱ्या.

उलट त्याची अडचण तुझ्याहून मोठी. पेटीचा सूर भात्यात हवा आहे तोवर टिकतो. पियानोत पट्टी दाबली की आत नमद्याने मढवलेली हातोडी तारेवर आपटून मागे येते, आणि त्या क्षणापासून सूर विझायला लागतो. पुढे वाजवणाऱ्याच्या हातात काही उरत नाही. पट्टी दाबून धरली तर सूर एकदम तुटत नाही, एवढंच. तो वाढवता येत नाही, फुलवता येत नाही.

मग गाणं होतं कसं? चांगला वादक आधीचा सूर विझता विझता किती उरलाय ते कानाने जोखतो आणि पुढचा सूर साधारण तेवढ्याच वजनाने लावतो. सांधा कळत नाही. आपल्याला वाटतं, सूर इथून तिथे वाहत गेला. तो गेलेला नसतो, आपण फसलेलो असतो. असं बेमालूम फसवता येणारे मोजकेच, आणि खालची यादी त्यांचीच आहे.

*

शूबर्ट. इम्प्रॉम्प्टू, डी. ८९९ मधलं तिसरं. सहा मिनिटांच्या आसपास.

मूळ पट्टी जी फ्लॅट, म्हणजे आपली काळी तीन. १८२७ साली शूबर्टने अशी चार इम्प्रॉम्प्टू लिहिली. त्यातली पहिली दोनच त्याच्या हयातीत छापली गेली. हे तिसरं छापायला १८५७ उजाडलं. तोपर्यंत शूबर्टला जाऊन एकोणतीस वर्षं झाली होती, विचारायचं कोणाला? कागदावर सहा फ्लॅट बघून हौशी गिऱ्हाईक बिचकेल, म्हणून प्रकाशकाने काळी तीनचं गाणं उचललं आणि पांढरी पाचमध्ये छापून टाकलं. साथीदाराने गाणाराची पट्टी परस्पर बदलावी तसं. (तू असं कधी केलं नाहीस, याची मला खात्री नाही.)

ऐकताना एक गंमत लक्षात ठेव. चाल गातात ती उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट. त्याच हाताची उरलेली बोटं खाली सतत झुळझुळत असतात. गायक आणि साथीदार एकाच पंजात. पेटीवर करून बघ म्हटलं असतं, पण सध्या नको.

वाजवणारा राडू लुपू. रुमानियाचा, १९४५ चा जन्म, २०२२ साली गेला. पियानोसमोरचं बिनपाठीचं बाक त्याने सोडून दिलं होतं. सभागृहात असते तसली पाठीची साधी खुर्ची घ्यायचा, मागे रेलून बसायचा आणि असा वाजवायचा की जणू घरी कोणी नाही. तुला सध्या चालेल असं आसन.

*

लुपूचंच आणखी एक : ब्राम्स, ओपस ११७, तीन इंटरमेझो. १८९२ सालचे. ब्राम्स एकोणसाठचा होता, लग्न केलेलं नव्हतं, आणि हे पहिलं इंटरमेझो म्हणजे अंगाई आहे. वर जर्मनमध्ये भाषांतरित झालेल्या एका स्कॉटिश अंगाईच्या दोन ओळी त्याने छापायला दिल्या होत्या.

पट्टी काळी दोन. चाल मधल्या बोटांत लपलेली आहे आणि तिच्या वर करंगळीत षड्ज वाजत राहतो. तंबोरा नेहमी गाण्याच्या मागे असतो, इथे चालीच्या डोक्यावर. आई गुणगुणतेय आणि वर पाळण्याची कडी वाजतेय, असं मला वाटतं. ब्राम्सला असं काही वाटलं होतं का, देव जाणे.

मधला भाग काळोखा आहे. तिथे बंद करू नकोस, अंगाई परत येते. आल्यावर ती तीच राहिलेली नसते.

*

नंबरांना घाबरू नको. 'के.' म्हणजे क्योशेल. हा ऑस्ट्रियन गृहस्थ वनस्पती आणि खनिजं यांचाही अभ्यासक. १८६२ साली त्याने मोझार्टच्या रचनांची काळाप्रमाणे यादी केली. 'डी.' म्हणजे डॉइच, त्याने शूबर्टची केली. 'ओपस' हा प्रकाशनाचा क्रमांक. आपल्याकडे 'यमन, झपताल' म्हटलं की काम भागतं. तिकडे रचनाच लिहून ठेवलेली असल्यामुळे वह्यांना नंबर लागतात. फोनवर शोधताना नाव आणि नंबर दोन्ही टाक, नाहीतर भलतंच काही सुरू होतं.

*

फोनच्या स्पीकरवर ऐकू नकोस. हे कळकळीने लिहितोय. त्या एवढ्याशा भोकातून खर्ज येतच नाही, म्हणजे अर्धा पियानो, डावा हात, गेलाच. मग "टकटक वाजतं" म्हणणार. मुलाचे हेडफोन माग.

*

शोपँ. हा तर तुझ्यासाठीच.

नॉक्टर्न म्हणजे रात्रीचं गाणं. प्रकार काढला जॉन फील्ड नावाच्या आयरिश वादकाने, गाजवला शोपँने. सगळे ओपस ९ मधलं दुसरं सांगतात, तेही ऐकच. पण मी आधी ओपस २७ मधलं दुसरं सांगेन. पट्टी काळी एक. डावा हात खालून वर लांब लांब कमानी टाकत राहतो, त्यावर उजवा एकटाच गायला लागतो. थोड्या वेळाने त्याच उजव्या हातात दुसरा गळा येतो आणि युगुलगान सुरू होतं. कोण पुढे, कोण मागे, दोघं कुठे एकत्र श्वास घेतात, सगळं ऐकू येतं. शोपँ शिष्यांना सांगायचा, ऑपेराचे गायक ऐका. हे ऐकलं की त्याने तसं का सांगितलं ते कळतं.

त्याच्या शिष्यांनी त्याची आणखी एक शिकवण लिहून ठेवली आहे : डावा हात म्हणजे वाद्यवृंदाचा चालक, तो ढळायचा नाही, उजव्याने हवं तसं रेंगाळावं, हवं तसं धावावं. ठुमरी गाणारी बाई आणि तिचा तबलजी, दुसरं काय? ठेका जागच्या जागी, बोल हवे तिथे. युरोपात याला रुबातो म्हणतात. ऐंशी टक्के वादक दोन्ही हात एकदम रेंगाळवतात आणि मग सगळं चिकट होतं. ऐंशी हा आकडा माझ्या रागाचा आहे, मोजणीचा नाही.

दोघांचं ऐक. आर्थर रुबिनस्टाईन, १९६५ चं. तेव्हा त्याचं वय सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तर, आणि ही नॉक्टर्न तो तिसऱ्यांदा ध्वनिमुद्रित करत होता. सरळ, मोकळा आवाज, लाडिकपणा अजिबात नाही. मग मारिया जुआंव पिरेश, पोर्तुगालची, १९९० च्या दशकातलं. (हे नाव उच्चारताना बऱ्याच जणांची जीभ अडखळते. गोव्यातला माणूस मात्र नाही, त्याला सांजांव ठाऊक असतं.) तिच्याकडे छाया जास्त. रुबिनस्टाईन आठवण सांगतो, पिरेशला ती आत्ता येतेय. मला वर्षभर रुबिनस्टाईन बरा वाटतो आणि पावसाळ्यात पिरेश.

एक पेटीवाल्यासाठी. शोपँ नव्या शिष्याला 'सी'च्या सरळ पांढऱ्या पट्ट्यांवर बसवत नसे. अंगठा पांढरी तीनवर, मधली तीन बोटं काळी तीन, चार, पाचवर आणि करंगळी शेवटच्या पांढरीवर. लांब बोटांना उंच पट्ट्या. हात आपोआप नीट बसतो. तूही पोरांना काळी पट्टीच आधी देतोस, आठवतं?

*

'द पियानिस्ट' तू टीव्हीवर पाहिलास. पडक्या घरात तो जर्मन अधिकाऱ्यासमोर वाजवतो ते शोपँचं पहिलं बॅलड. ज्याची ही गोष्ट आहे त्या खऱ्या श्पिलमानने आत्मचरित्रात वेगळं सांगितलंय : सी शार्प मायनरमधलं नॉक्टर्न वाजवलं होतं. चार मिनिटांचं, शोपँच्या मृत्यूनंतर छापलेलं. सिनेमाला बॅलड लागलं असेल, मोठं आहे, दणका आहे. उपाशी, गारठलेल्या बोटांना छोटंच जमलं असणार.

*

मुंबईत एका सभागृहात पहिल्यांदा पियानो ऐकायला गेलो, तेव्हाची फजिती. पहिला भाग संपला, मी मनापासून टाळ्या वाजवल्या. एकट्यानेच. पुढच्या रांगेतल्या पारशी आजींनी मागे वळून पाहिलं. रागाने नाही, नातवाने पाहुण्यांसमोर बशीतून चहा प्यायल्यावर बघतात तसं. तिन्ही भाग झाल्यावर एकदाच टाळ्या, हा तिथला शिरस्ता. तोही तितका जुना नाही; शोपँच्या काळात लोक खुशाल मध्येच दाद देत.

तू घरी आहेस. जिथे वाटेल तिथे "क्या बात है" म्हण.

*

भावगीत हवं असेल तर ग्रीग. नॉर्वेचा. त्याच्या पियानोवरच्या छोट्या रचनांना 'लिरिक पीसेस' म्हणतात. भावगीत हाच शब्द नेमका बसतो. सहासष्ट आहेत, दहा वह्यांत. पहिली वही १८६७ ची, शेवटची १९०१ ची, म्हणजे जवळपास आयुष्यभर लिहीत होता.

पहिल्या वहीतलं पहिलं 'आरिएट्टा'. दीड मिनिट. इतकं साधं की पाचवीतली मुलगी वाजवेल. आणि शेवटच्या वहीतलं अगदी शेवटचं, सहासष्टावं, त्यात तीच चाल परत येते, पण वॉल्ट्झच्या तालात, जरा थबकत. चौतीस वर्षांनी माणूस जुन्या घरापुढून जातोय आणि आत जायचं की नाही हे ठरत नाहीये.

एमिल गिलेल्सचं १९७४ चं ध्वनिमुद्रण घे. सगळी सहासष्ट नाहीत, निवडक आहेत. सुरुवात त्या आरिएट्टाने आणि शेवट त्या सहासष्टाव्याने. गिलेल्स म्हणजे ओडेसाचा पहिलवान. बेथोवन वाजवताना पियानोची हाडं मोजायचा. तो माणूस इथे चिमटीत फुलपाखरू धरल्यासारखा वाजवतो. ताकद वापरत नाही, पण ती आहे हे कळत राहतं. वीस वर्षं ऐकतोय, अजून विटलेलो नाही.

*

"झोप लागण्यासाठी पियानो", "पावसातला पियानो, आठ तास" असलं काही समोर आलं तर पुढे जा. त्यात सूर नसतो, ओलावा असतो. भिंतीला येतो तसला.

*

ग्लेन गूल्ड. कॅनडाचा. कोणीतरी तुला हे नाव सांगेलच, म्हणून आधीच लिहितो. मागे कोणीतरी गुणगुणतंय असं ऐकू आलं तर फोन बिघडलेला नाही. तो स्वतःच गुणगुणतोय. ध्वनिमुद्रण करणाऱ्यांनी डोकं आपटून घेतलं, पण हा काही थांबला नाही. आपल्याकडे पेटीवाले गुणगुणतातच, तुला त्याचं काय!

खुर्चीचा किस्सा याचाही आहे. वडिलांनी पाय कापून बुटकी करून दिलेली घडीची खुर्ची. ती घेऊन जगभर फिरला. बैठक झिजून झिजून नुसता सांगाडा उरला तरी त्यावरच बसला.

बाखची गोल्डबर्ग व्हेरिएशन्स त्याने दोनदा ध्वनिमुद्रित केली : १९५५ साली बाविसाव्या वर्षी, आणि १९८१ साली. पुढच्याच वर्षी तो गेला. पहिल्यात वीज आहे, अडतीस मिनिटांत खेळ खलास. तुला दुसरं. त्यातही आधी फक्त सुरुवातीची आरिया आणि पंचविसावं व्हेरिएशन. तेवढ्याने काही झालं नाही तर गूल्ड सोडून दे, आपली मैत्री तुटणार नाही.

*

होरोविट्झ, मॉस्को, २० एप्रिल १९८६.

१९२५ साली रशिया सोडून गेलेला माणूस एकसष्ट वर्षांनी परत आला. वय ब्याऐंशी. स्वतःचा पियानो बरोबर घेऊन. कार्यक्रम संपल्यावर लोक उठेनात, तेव्हा त्याने शूमानचं 'ट्रॉयमराय' वाजवलं. म्हणजे स्वप्नात असणं, तंद्री. 'किंडरझेनेन' या तेरा छोट्या तुकड्यांच्या मालेतलं सातवं, १८३८ सालचं.

याचं चित्रीकरण आहे. श्रोत्यांत एक माणूस आहे. डोळे मिटलेले, गालावरून पाणी ओघळतंय, चेहरा हलत नाही. लोक त्या माणसासाठी हे बघतात. तू तो भाग आधी डोळे मिटून ऐक.

चाल एकच आहे. एका लहानशा चढणीने वर जाते आणि उतरते. पुन्हा तीच चढण, पण माथा वेगळा. गायक मुखडा धरून दर वेळी वेगळ्या स्वरावर थांबावा, तसं. शेवटच्या वेळी ती जिथे पोचते, तिथे होरोविट्झ आवाज वाढवत नाही, उलट काढून घेतो. मला तिथे दर वेळी गिळायला त्रास होतो. तीन मिनिटांचंसुद्धा नाही सगळं मिळून.

*

मोझार्ट, कॉन्चेर्तो के. ४६६, मधला भाग. क्लारा हास्किलचं.

हास्किल बुखारेस्टची, १८९५ ची. पाठीच्या कण्याचं दुखणं, पुढे मेंदूजवळच्या गाठीचं ऑपरेशन. जगाने दखल घेतली तेव्हा पन्नाशी उलटली होती. हे ध्वनिमुद्रण नोव्हेंबर १९६० चं. डिसेंबरात ब्रसेल्सच्या रेल्वे स्टेशनात जिन्यावरून पडली आणि गेली. हे वाचून मग ऐकायचं असं मुळीच नाही. वाजवण्यात दुखणं कुठे दिसतच नाही. स्वच्छ आकार लावावा तसा सूर आहे, ना हरकत ना मुरकी.

*

रॅव्हेल. जी मेजर कॉन्चेर्तो, दुसरा भाग. मिकेलांजेली, १९५७.

पहिली तीन मिनिटं वाद्यवृंद गप्प, पियानो एकटा. आता तालाचं ऐक, तुझ्या भजनी मंडळातल्या तबलजीलाही ऐकव. डावा हात सहा मात्रा तीन-तीन अशा मोजतोय, दादऱ्यासारख्या. उजव्याची चाल त्याच सहा मात्रांत दोन-दोन-दोन अशी चालते. दोघं कधी भांडत नाहीत आणि कधी पुरते जुळतही नाहीत. चाल इतकी लांब आहे की कुठे तुटली सांगता येत नाही. ऐकणाऱ्याला वाटतं, एका बैठकीत सुचली असेल. रॅव्हेलने ती एकेक-दोन-दोन आवर्तनांच्या तुकड्यांनी, जीव मेटाकुटीला येईपर्यंत घासून लिहिली.

मिकेलांजेलीचा उजवा हात डाव्याच्या किंचित मागून येतो. केसभर. जुन्या पद्धतीचे वादक असं करत. आता परीक्षेत गुण कापतील. त्या केसभर उशिरातच माझा जीव अडकलाय.

पुढे बासरी येते. आणि बरंच नंतर तीच चाल इंग्लिश हॉर्न नावाचं, जरा नाकात बोलणारं वाद्य गातं, आणि पियानो तिच्याभोवती नुसता बारीक विणत राहतो. मुख्य गायकाने साथीदार व्हायचं ठरवलेलं असतं.

*

रॅख्मॅनिनॉव्हचा दुसरा कॉन्चेर्तो आत्ता नको. तो पुरणपोळीसारखा आहे, आधी खाल्लीस तर बाकी काही जाणार नाही. ज्या दिवशी काठी सोडून अंगणात जाशील त्या दिवशी लाव. रिख्टरचा, १९५९. सुरुवातीला पियानो एकटाच मोठमोठ्या घंटा देतो, आणि प्रत्येक घंटेखाली एक खोल खर्ज. १८९७ साली पहिली सिंफनी सपशेल पडल्यावर या माणसाच्या हातून काही लिहून होईना. डाल नावाच्या डॉक्टरांनी संमोहनाचे उपचार केले. कॉन्चेर्तो त्यांनाच अर्पण आहे. डॉक्टरांना पेढे देतात लोक, याने हे दिलं.

*

यादी वाचताना आत्ता लक्षात आलं. लुपू रुमानियाचा, हास्किल रुमानियाची, आणि शेवटी ज्याचं लिहायचं ठेवलंय तो लिपात्तीही रुमानियाचा. लुपू आणि लिपात्ती एकाच बाईंचे शिष्य, फ्लोरिका मुझिचेस्कु. हास्किल आणि लिपात्तीची मैत्री होती, दोघं मिळून वाजवत. म्हणजे मी इतकी वर्षं नकळत एकच घराणं ऐकत होतो. बुखारेस्ट घराणं म्हणू. सुराला आधी, बाकी नंतर.

*

शूबर्टचा शेवटचा सोनाटा, डी. ९६०. पट्टी काळी पाच. सप्टेंबर १८२८ मध्ये पुरा केला, १९ नोव्हेंबरला गेला, एकतिसाव्या वर्षी.

प्रार्थनेसारखी संथ चाल सुरू होते. आठव्या आवर्तनापाशी ती थांबते आणि अगदी खाली, पार खर्जात, एक स्वर हळूच थरथरतो. काळी तीन, फार खालची. दूर कुठेतरी ढग गुरगुरावा इतकाच. मग शांतता. मग चाल जणू काही घडलंच नाही अशी पुढे निघते. पण आपण आता बेसावध नसतो. पुढची वीस मिनिटं ती गुरगुर परत कधी येईल याकडे कान लागून राहतो.

रिख्टर हा पहिलाच भाग जवळपास पंचवीस मिनिटं वाजवतो. पुनरावृत्ती गाळून काही जण चौदा-पंधरा मिनिटांत आटपतात. त्यामुळे रिख्टर फार संथ आहे, हे चालणं नव्हे, थांबणं आहे, अशी टीका नेहमीची. मला ती कधी पटली नाही, आणि याचं श्रेय आपल्या कानांचं आहे. पाऊण तास विलंबित ऐकून एका समेसाठी ताटकळलेला माणूस पंचवीस मिनिटांना काय भिणार? तुला जड गेलं तर विल्हेल्म केम्फचं आहे. तो त्याच रस्त्याने हातात हात घेऊन नेतो. पण आधी रिख्टर ऐक. दुपारी नको, दुपारी तू घोरतोस.

*

माझी पहिली पियानोची कॅसेट काळ्या घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमधली. ऑफिस फोर्टात, जेवणाच्या सुटीत तिथे जाऊन उभं राहायचं. दीनू लिपात्तीने वाजवलेले शोपँचे वॉल्ट्झ. घेण्याचं कारण एवढंच की खोक्यावरचा माणूस आमच्या दादासारखा दिसत होता. ते दुकान २०१६ साली बंद झालं. कॅसेट अजून आहे, टेपरेकॉर्डर नाही.

*

लिपात्ती. बेझांसों, फ्रान्स, १६ सप्टेंबर १९५०.

रक्ताचा आजार, हॉजकिन्स. त्या उन्हाळ्यात कॉर्टिझोन या नव्या औषधाने थोडी उभारी आली, तेव्हा लंडनहून माणसं आणि यंत्रं जिनिव्हाला आली आणि जुलैत त्याच्याकडून जेवढं होईल तेवढं ध्वनिमुद्रित करून घेतलं. माझ्या कॅसेटमधले वॉल्ट्झ तेच. सप्टेंबरात हा कार्यक्रम. डॉक्टर नको म्हणत होते. शब्द दिलाय म्हणून हा गेला.

त्या संध्याकाळचं ध्वनिमुद्रण आहे. सुरुवातीला बाख येण्याआधी तो दोन्ही हात पट्ट्यांवरून एकदा झरकन फिरवून घेतो. तू बैठकीला बसल्यावर सा-प-सा दाबून पेटी जोखतोस, तसंच. कार्यक्रमपत्रिकेत नसलेला तो क्षण मला फार आवडतो. मग बाख, मोझार्ट, शूबर्टची दोन इम्प्रॉम्प्टू. त्यातलं एक ते काळी तीनचं, वर लिहिलेलं. लुपूचं आणि हे एकापाठोपाठ ऐक, गुरुबंधू आहेत.

शेवटी शोपँचे चौदा वॉल्ट्झ वाजवायचे होते. तेरा झाले. चौदाव्याला ताकद उरली नाही. ऐकताना शोधून बघ, तेराव्यातही बोट कुठे जड झालेलं नाही.

तो आत गेला. थोड्या वेळाने परत आला आणि चौदाव्या वॉल्ट्झऐवजी बाखचं एक भक्तिगीत वाजवलं : मूळ कॅन्टाटा १४७ मधलं, मायरा हेस या इंग्रज बाईंनी पियानोसाठी बसवलेलं. उजव्या हाताची एक अखंड माळ चालू असते, आणि मधूनमधून तिच्या आतून शांत भजन उगवतं, ओळ संपली की पुन्हा माळ. ते वाजवून तो उठला. २ डिसेंबरला गेला, तेहेतीस वर्षांचा होता.

त्या संध्याकाळचं ते बाख ध्वनिमुद्रणात नाही. पण तेच गीत त्याने स्टुडिओत वेगळं वाजवून ठेवलंय. साडेतीन मिनिटांच्या आसपास आहे. इतकं सगळं लिहिलं, पण सुरुवात तिथूनच कर. आज जेवण झाल्यावर हेडफोन लावून ऐक आणि उद्या सकाळी फोन कर. दहाच्या आत कर, नंतर मी भाजी आणायला जातो.